शाळेतून पत्र आलंय: "तुमच्या पाल्याच्या शिक्षकांकडे आवश्यक प्रमाणपत्र नाही". आता काय करायचं?

चष्मेवाली

लेक सातवीत आहे, अमेरिकेत, पब्लिक स्कूल. काल तिच्या दप्तराच्या तळातून एक चुरगळलेला कागद निघाला, कोपऱ्यात पेन्सिलीने मांजर काढलेलं. मला वाटलं कसली तरी फंडरेझरची जाहिरात असेल, कचऱ्यातच टाकणार होते. तर वर शाळेचा लोगो आणि खाली अगदी सरकारी भाषेत लिहिलेलं की तुमच्या मुलीला गणित हा विषय सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ अशा शिक्षकांकडून शिकवला जात आहे ज्यांच्याकडे राज्याने ह्या इयत्तेसाठी आणि ह्या विषयासाठी ठरवलेलं प्रमाणपत्र नाही. काही शंका असल्यास ऑफिसला फोन करा. बास. प्रिन्सिपलची छापील सही. आणि पत्राची तारीख बघितली तर अकरा दिवसांपूर्वीची!!

आधीच्या बाई सप्टेंबर संपता संपता सोडून गेल्या एवढं लेकीने सांगितलं होतं, पण त्यांच्या जागी कोण आलं हे मी कधी विचारलंच नाही, माझीच चूक. तिला विचारलं नवीन सर कसे आहेत, तर म्हणे "खूप छान, होमवर्कच देत नाहीत". घ्या.

नवरा म्हणतोय शाळाच बदलू. मला कळत नाहीये की हे कितपत सिरियस आहे. प्रमाणपत्र नाही म्हणजे त्या माणसाला गणित येतच नाही का? मी जाऊन विचारलं तर तो राग लेकीवर निघेल का? आणि घर घेताना बघितलं होतं तेव्हा ह्याच शाळेला शाळांची रेटिंग देणाऱ्या साइटवर दहापैकी आठ होते, मग हे काय आहे?

इथे शिक्षकही आहेत म्हणून विचारतेय, प्लीज कोणीतरी सांगा.

---

उगाच_एक

मांजराचा फोटो टाका आधी.

---

सातवी_ब

चष्मेवाली, आधी पाणी पी. मी इथे मिडल स्कूललाच शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि अशी पत्रं शाळेच्या आतून जाताना पाहिली आहेत. पत्र पाठवणं शाळेच्या मर्जीवर नसतं. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्टमध्ये तसं लिहिलेलंच आहे, की टायटल वनचे (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मिळणारे फेडरल) पैसे घेणाऱ्या शाळेत सलग चार आठवडे किंवा जास्त काळ असा शिक्षक असेल तर पालकांना कळवायचं. म्हणजे पत्र आलं ह्याचा अर्थ शाळेने निदान तेवढा नियम पाळला. (अकरा दिवस दप्तरात राहिलं हे तुमच्या घरातलं मॅटर :) )

पण पत्रात काय नसतं ते बघ. हायस्कूलच्या बायोलॉजीचं लायसन्स असलेली आणि वीस वर्षं शिकवलेली बाई सातवीचं गणित घेत असली तरी हेच पत्र जातं. दुसऱ्या राज्यातून आलेली, तिथलं पूर्ण लायसन्स असलेली पण इथले कागद अडकलेली, तिच्याबद्दलही हेच पत्र. आणि ज्याला वर्ग कसा सांभाळायचा हे कोणी एक दिवसही शिकवलेलं नाही अशा लाँग टर्म सब, म्हणजे बदली शिक्षकाबद्दलही अक्षरशः हेच पत्र. मजकूर एकच, नाव बदलतं. त्यामुळे ह्या कागदावरून "येतंय की नाही" ठरवताच येत नाही.

पुढचं तुला विचारावं लागतं, आणि तो तुझा हक्क आहे. त्याच कायद्यात आहे की डिस्ट्रिक्टने (म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या मंडळाने) दर वर्षाच्या सुरुवातीला पालकांना सांगायचं की शिक्षकांच्या पात्रतेबद्दल विचारलंत तर आम्ही माहिती देऊ. तेही पत्र तुला ऑगस्टमध्ये आलं असणार, लंच फॉर्म आणि मीडिया रिलीजच्या गठ्ठ्यात, आणि तू सगळे करतात तशी सही करून परत पाठवलं असणार. तर त्यानुसार विचारता काय येतं, की ह्या इयत्तेचं नि विषयाचं राज्याचं लायसन्स आहे का, इमर्जन्सी किंवा प्रोव्हिजनल परवान्यावर आहेत का, ज्या विषयाचं सर्टिफिकेशन आहे तोच शिकवतायत का, आणि वर्गात पॅराप्रोफेशनल (मदतनीस) असेल तर त्याची पात्रता काय. त्यांचं इव्हॅल्युएशन, त्यांच्याबद्दलच्या तक्रारी, ते कशाला आले, हे सहसा मिळत नाही, आणि विचारूही नये खरं तर.

राग निघेल का, तर अगं ईमेल ऑफिसला करायचं, सरांना नाही. सरांना बिचाऱ्यांना आपल्याबद्दल घरोघर असं पत्र गेलंय हे माहीत असतं. त्यांची अवस्था काय असेल विचार कर.

आणि सगळ्यात कामाचा प्रश्न ह्या कायद्यात नाहीच आहे. तो म्हणजे वर्ग कुठपर्यंत आलाय. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं पेसिंग गाइड असतं, कुठल्या आठवड्यात कुठलं युनिट. ते मागून घे आणि लेकीची वही शेजारी ठेव. अर्ध्या तासात कळेल.

---

निवांत२

सातवी_ब ताई, मस्त माहिती. पण एक गोष्ट. आमच्या शाळेला ९ आहे, दोन्ही मुलं तिथेच, सहा वर्षांत असं पत्र एकदाही आलेलं नाही. म्हणजे शेवटी चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये घर घेणं हाच उपाय आहे, बाकी कायदे वगैरे ठीक आहे. सॉरी टू से.

---

सातवी_ब

निवांत२, तुमची शाळा टायटल वन आहे का?

---

निवांत२

नाही नाही. अजिबात नाही.

---

सातवी_ब

मग पत्र कुठून येणार! फेडरल कायद्याची सक्ती फक्त टायटल वनचे पैसे घेणाऱ्या शाळांना आहे, म्हणजे जिथे गरीब घरातली मुलं जास्त तिथे. काही राज्यं स्वतःचे नियम लावतात ती गोष्ट वेगळी. तुमच्याकडे पत्र आलं नाही ह्याचा अर्थ प्रमाणपत्र नसलेलं कोणी नाही असा होत नाही हो, तुम्हाला कळवायची सक्ती नाही एवढाच होतो. फिजिक्सचा मास्तर वर्षाच्या मध्यात सोडून गेला की श्रीमंत डिस्ट्रिक्टचीही तीच धावपळ होते, मी दोन्हीकडे काम केलंय.

आपल्या राज्याच्या साइटवर शिक्षकाचं नाव टाकून लायसन्स बघता येतं का ते बघा, बऱ्याच राज्यांत दिसतं. आज रात्री जेवण झाल्यावर बसा.

---

निवांत२

बघतो. (बघावं की नको असं झालंय आता)

---

आकडेमोड

दहापैकी आठ ह्या विषयावर मला बोलायचंच होतं, पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खालच्या प्रतिसादावर जावं.

असे आकडे बऱ्याच अंशी राज्याच्या परीक्षेत किती टक्के मुलं पास झाली ह्यावरून येतात, आणि पास होण्याचं प्रमाण घरच्या उत्पन्नाबरोबर इतकं चिकटून चालतं की शाळेचं रेटिंग बघताय का त्या भागातल्या लोकांचे पगार हेच कळू नये. दोन शाळा धरा. एकीत मुलं सहावीत आली तीच आठवीचं गणित करत, दुसऱ्या शाळेत तिसरीच्या पातळीवर. वर्षअखेर पहिल्या शाळेतली मुलं होती तिथेच, दुसऱ्या शाळेतली दीड वर्षं पुढे सरकली. पास किती हे विचारलंत तर पहिली शाळा भारी. शाळेने काय केलं हे विचारलंत तर दुसरी. म्हणून राज्य शाळांबद्दल जे रिपोर्ट कार्ड काढतं त्यावर प्रोफिशियन्सीचा (पास किती) आकडा सोडून ग्रोथ नावाचा आकडा बघायचा. तो सहसा दोन क्लिक आत असतो, आणि कोणी बघत नाही.

ह्याला थोडा इतिहास आहे. बुश साहेबांनी जानेवारी २००२ मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यावर सही केली, त्यात असं होतं की २०१४ पर्यंत देशातली शंभर टक्के मुलं वाचन आणि गणितात प्रोफिशियंट झाली पाहिजेत. शंभर! पण प्रोफिशियंट म्हणजे किती मार्क हे ठरवायचं राज्यांनी. मग जे व्हायचं तेच झालं, काही राज्यांनी पासाची रेषाच खाली ओढली. अटलांटात तर शाळांमध्येच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या गेल्या, २०११ च्या राज्याच्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली, २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. आकड्यावर माणसाची नोकरी टांगली की आकडा सुधारतो, मुलं सुधारतीलच असं नाही.

त्याच कायद्यात शिक्षकांसाठी "हायली क्वालिफाइड" अशी पदवी होती, म्हणजे बॅचलर्स डिग्री, राज्याचं पूर्ण लायसन्स आणि विषय येतो ह्याचा पुरावा. २०१५ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि लायसन्स राज्यांच्या हातात दिलं. पण राज्याला आणि डिस्ट्रिक्टला आपल्या रिपोर्ट कार्डवर तीन गोष्टी अजून छापाव्या लागतात: किती टक्के शिक्षक नवखे आहेत, किती इमर्जन्सी किंवा प्रोव्हिजनल परवान्यावर आहेत, आणि किती आपला विषय सोडून भलताच शिकवतायत. शिवाय गरीब आणि सुखवस्तू शाळांची तुलना. चष्मेवाली, एका शिक्षकापेक्षा हे तीन आकडे बघ. एक सर बदलतील, पण दर वर्षी चौथा हिस्सा शिक्षक नवखे असतील तर शाळेत माणूस टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे विचारण्यासारखं आहे.

निवांत२, हे तुमच्या शाळेचंही दिसेल. रिपोर्ट कार्डला टायटल वनची अट नाही.

---

निवांत२

माझ्याच मागे लागलेत सगळे 😀

---

भटकभवानी

इंग्लंडमधून. आमच्याकडे तर हा खेळ १९९२ पासून चालू आहे. त्या वर्षी शाळांच्या निकालांचे तक्ते पहिल्यांदा छापले आणि त्याच सुमारास ऑफस्टेड, म्हणजे शाळा तपासणारी सरकारी संस्था, आली. इन्स्पेक्टर येऊन शाळेला एका शब्दात निकाल देऊन जायचे, आउटस्टँडिंग, गुड वगैरे. शाळेच्या फाटकाला त्याचा भलामोठा बॅनर! आणि आम्ही सगळे तो शब्द बघून शाळेजवळ घर शोधणार. काही शाळांचा आउटस्टँडिंग शब्द दहा दहा वर्षं जुना होता कारण मधल्या काळात आउटस्टँडिंग शाळांना नियमित तपासणीतून सूटच होती, म्हणजे मुख्याध्यापक बदलला, अर्धे शिक्षक बदलले, बॅनर तोच.

२०२४ च्या सप्टेंबरात तो एका शब्दाचा निकाल सरकारी शाळांसाठी बंद केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरपासून रिपोर्ट कार्ड आणलंय, वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळी श्रेणी. माझी जाऊबाई म्हणते हे वाचायला वेळ लागतो, आधीचं बरं होतं. मला नेमकं हेच बरं वाटतं, वाचायला वेळ लागला तर लोक वाचतील तरी. किंवा वाचणारच नाहीत, तेही आहे.

आणि क्वालिफिकेशनचं म्हणाल तर २०१२ मध्ये इथल्या अकॅडमी शाळांना (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) क्यूटीएस, म्हणजे शिक्षकाची अधिकृत पात्रता, नसलेला शिक्षक ठेवायची मुभा मिळाली. कुठलंही पत्र घरी येत नाही. मी पेरेंट्स इव्हिनिंगला एकदा विचारलं होतं तर त्या बाईने असं बघितलं माझ्याकडे जसं काही मी तिचा पगार विचारला.

---

खडूफळा

नमस्कार. मी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, एकोणीस वर्षं सेवा. धागा वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितो, कोणाला दुखवायचा हेतू नाही.

पालकांनी पात्रता विचारावी, जरूर विचारावी. आमची लपलेली नाही. पण पात्रता म्हणजे नक्की काय हे दर काही वर्षांनी बदलतं. मी लागलो तेव्हा डीएड पुरत होतं. मग २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. मी आधी लागलेला म्हणून मला लागू नाही असं धरून चाललो. आता १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. म्हणजे एकोणीस वर्षं शिकवून, माझे विद्यार्थी आता स्वतः शिक्षक झालेत, आणि मी रात्री बालमानसशास्त्राचं गाइड घेऊन बसतो. माझ्या मुलीने प्रश्नपत्रिका सोडवून घेतली परवा. ९१ मार्क पडले. तीस ऑगस्टला मी चांगला शिक्षक होतो आणि दोन सप्टेंबरला अपात्र, असं होतं का? तुमच्या त्या सरांचंही कदाचित असंच काही असेल.

दुसऱ्या बाजूने, आमच्याच राज्यात २०१९-२० च्या टीईटीत मार्क वाढवून पास केलेले हजारो उमेदवार निघाले आणि २०२२ मध्ये त्यांच्यावर कारवाई झाली. म्हणजे कागद होता, पात्रता नव्हती. दोन्ही बघितलंय.

आता शाळेच्या कामगिरीबद्दल. दर वर्षी पालकसभेत मी फळ्यावर टक्केवारी लिहायचो, अमुक टक्के अ श्रेणी, तमुक टक्के ब. पालक मान डोलवून चहा पिऊन जायचे. एक वर्षी काय केलं, टक्केवारी लिहिलीच नाही. पाचवीच्या मुलांना एकेक करून दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला दिला, आयांच्या समोर. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून बाजूला, फक्त मूल, आई आणि मी. एका मुलाची आई, स्वतः शाळा न शिकलेली, ऐकता ऐकता म्हणाली, "गुरुजी, हा अडखळतोय ना?" तिला वाचता येत नव्हतं पण अडखळणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशीपासून तो मुलगा संध्याकाळी शेजारच्या दादाकडे वाचायला बसायला लागला. मी सांगितलेलं नव्हतं.

असर ह्या शिक्षणाच्या सर्वेक्षणवाले २००५ पासून देशभरच्या खेड्यांत हेच करतात, घरी जाऊन मुलाकडून वाचून घेतात. २०२४ च्या अहवालात पाचवीतली ४८.८ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा वाचून कोणाला काही होत नाही. स्वतःच्या मुलाचा आवाज ऐकून होतं.

---

सोनचाफा

खडूफळा सर, दंडवत. आणि ९१ आले ना, झालात पास, टेन्शन घेऊ नका.

---

चष्मेवाली

सर, मी आज लेकीकडून तेच केलं. वाचन नाही, गणित. सातवीच्या युनिट दोनमधलं एक प्रपोर्शनचं (गुणोत्तर-प्रमाणाचं) उदाहरण दिलं. तिने बघितलं आणि म्हणाली हे आम्हाला नाहीये. पेसिंग गाइड डिस्ट्रिक्टच्या साइटवर सापडलं, युनिट दोन ऑक्टोबरअखेर संपायला हवं होतं. तिच्या वहीत युनिट एकचा चौथा धडा आहे आणि पुढची नऊ पानं कोरी. मग वर्कशीटं, सगळी सहावीची. आता मला खरंच टेन्शन आलंय. ऑफिसला ईमेल केली आहे.

---

उगाच_एक

प्रत्येक शिक्षकाचे मार्क नावासकट नेटवर टाका, विषय संपला. हॉटेलला रिव्ह्यू असतात, डॉक्टरला असतात.

---

आकडेमोड

उगाच_एक, झालंय ते करून. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या वर्तमानपत्राने सुमारे ६,००० प्राथमिक शिक्षकांची रेटिंग नावानिशी छापली, मुलांच्या मार्कांत किती वाढ झाली ह्यावरून काढलेली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या सुमारे १८,००० शिक्षकांची बाहेर आली. आता गंमत ऐका. न्यूयॉर्कच्या आकड्यात चुकीची शक्यता गणितात सरासरी ३५ पर्सेंटाइल आणि इंग्रजीत ५३ पर्सेंटाइल एवढी रुंद होती. म्हणजे इंग्रजीच्या बाईंना ५० मिळाले तर त्या २५ च्या असतील नाहीतर ७५ च्या. पाऊस पडेल किंवा पडणार नाही, असा अंदाज. आणि हे बाईंच्या नावापुढे, त्यांच्या शेजाऱ्यांनी, मुलांनी वाचायचं.

---

सातवी_ब

+१. एका वर्षी माझ्या वर्गात चार मुलं डिसेंबरात आली आणि तीन फेब्रुवारीत गेली. मार्क कोणाचे धरायचे, सांगा.

---

उगाच_एक

बरं बाबा. माघार.

---

सोनचाफा

अवांतर, पण सांगतेच. पालकांना माहिती "शक्य असेल तिथे त्यांना समजेल अशा भाषेत" द्यायची असाही नियम आहे ना, तर नातवंडांना आणण्या-नेण्याचं काम सासूबाईंकडे, म्हणून फॉर्मवर घरची भाषा मराठी अशी टाकली. कॉन्फरन्सला शाळेने कौतुकाने फोनवर दुभाषी दिला. तो माणूस गुजराती निघाला. सासूबाईंनी न डगमगता वीस मिनिटं त्याच्याशी हिंदीत गप्पा मारल्या, त्याचं गाव, त्याची मुलं, सगळं काढून घेतलं. शेवटी शिक्षिकेने विचारलं काही प्रश्न? तर म्हणाल्या, हिला विचारा, वर्गात हा बोलतो का, घरी एक शब्द बोलत नाही. मी आणि नवरा तीन वर्षं रीडिंग लेव्हल आणि पर्सेंटाइलच विचारत होतो, हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता. आणि उत्तर असं निघालं की वर्गातही बोलत नाही. तिथून पुढे त्याची ऐकण्याची तपासणी झाली, एका कानात पाणी साठलेलं होतं.

---

भटकभवानी

बापरे. सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

आकडेमोड

सोनचाफा, ह्याच्यापुढे माझे आकडे फिके आहेत तरी एक सांगतो, कारण चष्मेवालीच्या कामाचं आहे.

पाकिस्तानातल्या पंजाबात ११२ गावांमध्ये एक प्रयोग झाला होता. अर्ध्या गावांत मुलांची परीक्षा घेऊन प्रत्येक घराला कार्ड दिलं, त्यावर स्वतःच्या मुलाचे मार्क, त्याच्या शाळेचे आणि गावातल्या बाकी सगळ्या शाळांचे. शिक्षक बदलले नाहीत, पैसे दिले नाहीत, फक्त कार्ड. वर्षभरात त्या गावांतल्या मुलांचे मार्क वाढले, खासगी शाळांची फी १७ टक्क्यांनी उतरली आणि शाळेत जाणारी मुलं वाढली. आणि शाळा बदलणारे पालक फारसे नव्हतेच! बहुतेक मुलं होती तिथेच राहिली, शाळा सुधारली. माझा अंदाज, कारण आता शेजारणीच्याही हातात तेच कार्ड आहे हे शाळेला माहीत होतं.

तुझं ते पत्र वर्गातल्या सगळ्यांना आलं असणार ना? किती जणांनी वाचलंय?

---

चष्मेवाली

अरे हे मला सुचलंच नाही. थांब.

---

निवांत२

मी बघितलं काल. राज्याच्या साइटवर. थोरल्याच्या केमिस्ट्रीच्या बाईंकडे एक वर्षाचा प्रोव्हिजनल परवाना आहे. नववा महिना चालू आहे त्याचा. आमच्या ९ वाल्या शाळेत.

मुलाला विचारलं तर म्हणाला बेस्ट टीचर आहे, आधी लॅबमध्ये कामाला होत्या, प्रयोग जबरदस्त घेतात. आता काय बोलू. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

---

सातवी_ब

नका सांगू 😀 नाहीतर सांगा, पण प्रयोगांचं आधी सांगा.

---

खडूफळा

आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बैठकीत विषय काय निघतात, तर पाण्याची टाकी, कंपाउंड, गणवेश. शिक्षण हा विषय कोणी काढत नाही कारण तो गुरुजींचा असं धरलेलं आहे. तुम्ही बाहेरच्या देशातले पालक कागद घेऊन विचारता हे वाचून आधी वाईट वाटलं होतं, आता तितकं वाटत नाही. आमच्या एखाद्या आईने येऊन विचारलं की गुरुजी भागाकार कधी घेणार, तर मला त्या दिवशी नीट झोप लागेल.

---

चष्मेवाली

अपडेट द्यायला उशीर झाला, तीन आठवडे झाले.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी पत्राचा फोटो टाकला आणि विचारलं हे कोणाकोणाला मिळालं. २६ मुलं आहेत वर्गात. पाच जणांनी पाहिलं होतं, त्यातल्या दोघांना वाटलं हे काहीतरी रूटीन असतं. बाकीच्यांच्या मुलांच्या दप्तरातून त्याच संध्याकाळी निघालं, एकाच्या जिम शूजमध्ये होतं. मग मी पेसिंग गाइड आणि लेकीच्या वहीचं शेवटचं पान, दोन्ही शेजारी शेजारी टाकलं. काही लिहिलं नाही. आठवड्यात अकरा ईमेली ऑफिसला गेल्या आणि प्रिन्सिपलने मीटिंग ठेवली.

सर इंग्रजीचे पदवीधर निघाले, सबस्टिट्यूट परवान्यावर. गणिताची जागा भरायला तीनदा जाहिरात दिली, कोणी आलं नाही, हे प्रिन्सिपलने स्वतःच सांगितलं. सर मीटिंगला होते. तेच पहिल्यांदा बोलले. म्हणाले मला प्रपोर्शन शिकवता येत नाही, मी दोनदा प्रयत्न केला, मुलं गोंधळली म्हणून मी सहावीची वर्कशीटं देत होतो, निदान ती शांत बसतात. खोलीत एकदम शांतता. एका बाबांनी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. मला खडूफळा सरांचं गाइड आठवलं.

ठरलं काय, तर शेजारच्या वर्गाच्या गणिताच्या बाई आठवड्यातून तीन दिवस दोन्ही वर्ग एकत्र घेणार, सर तेव्हा वर्गात थांबणार आणि उरलेले दोन दिवस बाईंच्या प्लॅनवरून सराव घेणार. दर शुक्रवारी वर्ग कुठपर्यंत आला ते दोन ओळींत घरी येणार. तिसरा शुक्रवार झाला. युनिट दोन संपायला आलंय. ५२ जण एका खोलीत हे काही आदर्श नाही, मला माहितीये. जानेवारीत नवीन बाई येणार म्हणतायत, प्रोव्हिजनलच आहेत त्याही. ह्या वेळी त्यांचं नाव येईल तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात विचारणार आहे, कागदाचं एकदा आणि वहीचं दर शुक्रवारी.

लेक रागावली आहे. होमवर्क सुरू झालंय.

---

सातवी_ब

त्या सरांना माझ्यातर्फे कॉफी. भर सभेत "येत नाही" म्हणायला किती लागतं ते वर्गात उभं राहिलेल्यालाच कळतं.

---

चष्मेवाली

सांगते. आणि आज धाकट्याच्या दप्तरातून पण कागद निघालाय. दोन्ही बाजूंनी नीट वाचला. शुक्रवारी पायजमा डे आहे.

---

उगाच_एक

मांजर आहे का त्यावर?